गुणपत्रिका की समग्र मूल्यमापन?
नामांकित विद्यापीठांच्या प्रवेशाची दोन सूत्रे आणि महाराष्ट्राचा अनुभव

भाईंदर (प्रतिनिधी) : दहावी-बारावीचे निकाल लागले की भाईंदर पूर्वेच्या केबिन रोडवरील घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. एका बाजूला मुलाची टक्केवारी, दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीची कटऑफ यादी. नवघरच्या शंकर नारायण महाविद्यालयात जागा मिळेल, की रोज सकाळी चर्चगेट लोकल गाठावी लागेल, हे या दोन आकड्यांवरून ठरते. मात्र त्याच इमारतीतील एखाद्या विद्यार्थ्याने परदेशातील नामवंत विद्यापीठाकडे अर्ज केला, तर त्याच्यापुढे वेगळीच प्रश्नावली येते. गुण तर विचारले जातातच. शिवाय तू कोण आहेस, घरची परिस्थिती काय, शाळेबाहेर काय केलेस, शिक्षकांचे तुझ्याविषयी मत काय, हेही विचारले जाते. निबंध मागविले जातात, शिफारसपत्रे मागविली जातात आणि अखेरीस प्रवेश का मिळाला किंवा का नाकारला, याचे कारण बहुधा सांगितले जात नाही.

पहिली पद्धत गुणांची, दुसरी ‘समग्र मूल्यमापना’ची. पहिलीवर घोकंपट्टीचा आणि कोचिंग क्लासच्या बाजाराचा आरोप होतो. दुसरीवर मनमानीचा आणि श्रीमंतांना झुकते माप देण्याचा. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) समग्र प्रगतिपत्रकाचा पुरस्कार केल्यानंतर हा वाद आपल्याकडेही घरोघरी पोहोचला आहे. या दोन्ही पद्धती कोठून आल्या, त्यांचा कोणाला लाभ झाला आणि न्यायालयांनी त्यांना कोणत्या मर्यादा घातल्या, याचा हा आढावा.

दोन पद्धती, दोन प्रश्न

गुणांवर आधारित पद्धत एकच प्रश्न विचारते : ठरावीक दिवशी, ठरावीक प्रश्नपत्रिकेत या विद्यार्थ्याने किती मिळविले? उत्तर आकड्यात मिळते, आकड्यांची उतरंड लावली जाते आणि जागा संपतात तेथे रेघ ओढली जाते. आयआयटीची जेईई, वैद्यकीय प्रवेशाची नीट, राज्याची एमएचटी-सीईटी आणि अकरावीची केंद्रीय ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया या साऱ्या मूलतः याच जातकुळीच्या. आरक्षण, अल्पसंख्याक, इनहाउस आणि व्यवस्थापन कोटा यांमुळे एकाच्या अनेक याद्या होतात; परंतु बहुतेक यादीत क्रम पुन्हा गुणांचाच असतो.

समग्र पद्धतीचा प्रश्न निराळा आहे : उपलब्ध संधीच्या मानाने या विद्यार्थ्याने काय साधले आणि पुढे तो काय करू शकेल? म्हणजे ८५ टक्के हा आकडा वातानुकूलित अभ्यासिकेतून आला, की सहा माणसांच्या एका खोलीतून, हे लक्षात घ्यायचे. कल्पना आकर्षक आहे. अडचण अशी, की हे लक्षात घेण्याचे काम कोणा तरी माणसाने करायचे असते आणि त्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे अर्जदाराला दिसत नाही.

एकच गुणपत्रिका, अनेक टक्केवाऱ्या

गुण म्हणजे निखळ, निर्विवाद सत्य, असा आपला समज असतो. महाराष्ट्रातील अकरावी प्रवेशाचा गेल्या दोन दशकांतील इतिहास तो समज दूर करण्यास पुरेसा आहे.

मुंबईत राज्य मंडळाबरोबर आयसीएसई आणि सीबीएसईचे विद्यार्थीही अकरावीच्या त्याच जागांसाठी अर्ज करतात. तिन्ही मंडळांचे अभ्यासक्रम आणि गुणदानाची पद्धत वेगळी. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांवर अन्याय होतो, या तक्रारीवर उपाय म्हणून शासनाने २००८ मध्ये ‘पर्सेंटाईल’ सूत्र आणले. प्रत्येक मंडळातील अग्रस्थानी असलेल्या विद्यार्थ्यांच्या सरासरीशी तुलना करून गुण काढायचे, असे ते सूत्र होते. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये ९० टक्के जागा राज्य मंडळासाठी आणि १० टक्के इतर मंडळांसाठी, असा ९०:१० चा निर्णय आला; तोही उच्च न्यायालयात टिकला नाही. त्याच वर्षी मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण आले. उच्च न्यायालयाने तेही रद्द केले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरविले आणि ते आजवर टिकून आहे.

या निर्णयाने काय बदलले, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या विद्यार्थ्याला सहा विषयांत ९५, ९२, ९०, ९०, ८८ आणि ६१ गुण आहेत. सहा विषय धरले तर ६०० पैकी ५१६, म्हणजे ८६ टक्के. सर्वोत्तम पाच धरले तर ५०० पैकी ४५५, म्हणजे ९१ टक्के. विद्यार्थी तोच, उत्तरपत्रिकाही त्याच; मात्र मोजण्याचा नियम बदलला आणि टक्केवारी पाचने वाढली. मुंबईच्या कटऑफ यादीत एका टक्क्यात अनेक महाविद्यालये मागे-पुढे होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाच टक्क्यांचे मोल कळते.

अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांची कथाही अशीच. मार्च २०१९ च्या दहावी परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांसाठी शाळांकडून मिळणारे हे गुण बंद करण्यात आले. राज्याचा निकाल २०१८ मधील ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. इतर मंडळांच्या विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण मात्र कायम असल्याने अकरावीच्या स्पर्धेत राज्य मंडळाची मुले मागे पडणार, अशी ओरड झाली. शासनाने अंतर्गत गुण पुन्हा सुरू केले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. तीन वर्षांत मुलांची बुद्धिमत्ता अशी वर-खाली झाली नव्हती. बदलला होता तो फक्त गुण देणारा हात.

२०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच रद्द झाली. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. जवळजवळ सारेच उत्तीर्ण झाल्यावर क्रम लावायचा कसा, या पेचातून शासनाने अकरावीसाठी स्वतंत्र ऐच्छिक सीईटी जाहीर केली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये तीही रद्द ठरविली आणि शाळांनी दिलेल्या गुणांवरच प्रवेश झाले. अलीकडे २०२५ च्या निकालात तर २११ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी, म्हणजे १०० टक्के मिळाले. त्यात सर्वोत्तम पाच विषयांचे सूत्र आणि कला, क्रीडा आदींचे वाढीव गुण यांचाही वाटा आहे.

थोडक्यात, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा, मैदानावरचे यश, शाळेतील शिक्षकाचे मत या ‘समग्र’ गोष्टी आपल्या टक्केवारीत आधीच शिरलेल्या आहेत. फरक एवढाच, की त्यांचा भाव ठरलेला असतो आणि तो शासन निर्णयात छापलेला असतो.

तोंडी परीक्षेवरील अविश्वास

अमेरिकेत जे सर्रास चालते, ते भारतात का रुजले नाही? याचे उत्तर आपल्या मुलाखतींच्या इतिहासात आहे. १९५०-६० च्या दशकांत अनेक राज्यांत अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशासाठी मुलाखतीचे गुण असत आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये म्हैसूर राज्याच्या एका खटल्यात अशा मुलाखतींना मान्यताही दिली होती. पुढे अनुभव कटू आला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत एकूण गुणांपैकी एक-तृतीयांश गुणांचा निकाल लागत असे. लेखी परीक्षेत पुढे असलेले विद्यार्थी तोंडीत मागे पडले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

‘अजय हासिया विरुद्ध खालिद मुजीब’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्यात नोव्हेंबर १९८० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. तोंडी परीक्षा घेण्यास हरकत नाही. परंतु तिला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक महत्त्व देणे मनमानीचे ठरेल, असे न्यायालयाने बजावले. मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, म्हणजे वाद उद्भवल्यास त्या तपासता येतील, अशी सूचनाही केली. माणसाच्या मताला प्रवेशात किती जागा द्यावी, याची भारतीय कायद्यातील मोजपट्टी या निकालाने घालून दिली.

महाराष्ट्रात अविश्वासाचे दुसरे कारण होते देणगी. १९८० च्या दशकात राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये मोठ्या संख्येने निघाली आणि ‘कॅपिटेशन फी’ हा शब्द मध्यमवर्गाच्या बोलण्यात रुळला. शासनाला १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ ऑगस्ट २००५ रोजी, खासगी विनाअनुदानित संस्थांनाही प्रवेशप्रक्रिया न्याय्य, पारदर्शक आणि पिळवणूकमुक्त ठेवावी लागेल, असे स्पष्ट केले. राज्याने २०१५ मध्ये विनाअनुदानित व्यावसायिक संस्थांसाठी स्वतंत्र कायदा केला. आज सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर लागणारी गुणवत्ता यादी ही या साऱ्या लढ्याची फलश्रुती आहे.

गुणांत फेरफार होत नाही, असे मात्र नाही. एम.डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर १९८६ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील-निलंगेकर यांना पद सोडावे लागले. २०२४ च्या नीट परीक्षेत आरंभी ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण जाहीर झाले. वाढीव गुण आणि एका वादग्रस्त प्रश्नाचे उत्तर यांवरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सुधारित निकालात ही संख्या १७ वर आली. या प्रकरणांतून दिसणारी गोष्ट महत्त्वाची आहे. आकडा चुकला, तर तो चुकल्याचे दाखविता येते. उत्तरपत्रिका मागविता येते, बेरीज तपासता येते, न्यायालयात दाद मागता येते. ‘तुमचे व्यक्तिमत्त्व आम्हांला पुरेसे वाटले नाही’ या उत्तराची फेरतपासणी कोठे करावयाची?

अमेरिकेत ‘चारित्र्य’ कोठून आले?

अमेरिकी विद्यापीठांची समग्र पद्धत उदार विचारातून जन्मली, असा समज आहे. तिचा उगम मात्र तितका उजळ नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी हार्वर्डसारख्या विद्यापीठांत प्रवेश परीक्षेवर होत असे. त्या परीक्षेत स्थलांतरित ज्यू कुटुंबांतील मुले मोठ्या संख्येने यशस्वी होऊ लागली. हार्वर्डचे तत्कालीन अध्यक्ष ए. लॉरेन्स लॉवेल यांनी १९२२ मध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव मांडला. उघड मर्यादेला विरोध झाला, तेव्हा १९२६ च्या सुमारास चारित्र्य, व्यक्तिमत्त्व आणि नेतृत्वगुण यांना प्रवेशात महत्त्व देण्यात आले. छायाचित्र, शिफारस, कुटुंबाची माहिती यांना अर्जात स्थान मिळाले ते या काळात. समाजशास्त्रज्ञ जेरोम काराबेल यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा इतिहास तपशिलाने मांडला आहे.

योगायोग असा, की ‘सॅट’ ही परीक्षाही प्रथम १९२६ मध्येच घेतली गेली. १९३० च्या दशकात हार्वर्डचे पुढील अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी तिचा उपयोग शिष्यवृत्तीसाठी सुरू केला. नामांकित खासगी शाळांबाहेरची, लहान गावांतली हुशार मुले शोधणे हा त्यांचा हेतू होता. म्हणजे ज्या परीक्षेला आज श्रीमंतांची परीक्षा म्हटले जाते, ती एके काळी श्रीमंतांची मक्तेदारी मोडण्यासाठी वापरली गेली. आणि ज्या समग्र पद्धतीकडे आज वंचितांचा आधार म्हणून पाहिले जाते, ती एके काळी नको असलेल्यांना दूर ठेवण्यासाठी वापरली गेली.

परीक्षा गेली आणि परत आली

करोनाच्या काळात परीक्षा केंद्रे बंद पडल्याने २०२० पासून अमेरिकेतील बहुतेक नामांकित विद्यापीठांनी सॅट आणि एसीटी ऐच्छिक केल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर २०२१ पासून हे गुण प्रवेशासाठी पाहणेच थांबविले. गरीब विद्यार्थ्यांना याचा लाभ होईल, अशी अपेक्षा होती.

सर्वत्र तसे घडले नाही. एमआयटीने २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली. २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राऊन, हार्वर्ड, कॅलटेक आणि स्टॅनफर्ड यांनी एकापाठोपाठ एक तसाच निर्णय जाहीर केला. येलने सॅट-एसीटीऐवजी अन्य काही परीक्षांचे गुणही चालतील, अशी मुभा ठेवली. डार्टमथने आपल्या अभ्यासाचा जो निष्कर्ष मांडला, तो मुळातून समजून घेण्याजोगा आहे. परीक्षा ऐच्छिक असताना अल्प उत्पन्न गटांतील अनेक अर्जदारांनी आपले गुण कमी आहेत असे समजून ते कळविलेच नाहीत. वास्तविक त्यांच्या परिस्थितीच्या मानाने ते गुण चांगले होते आणि कळविले असते तर प्रवेशाची शक्यता वाढली असती. गुण नसले की निबंध, शिफारसपत्रे आणि उपक्रम यांचे वजन वाढते. आणि या गोष्टी उत्तम सल्लागार असलेल्या घरातून अधिक सफाईने येतात.

अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासाने याच मुद्द्याला आकड्यांची जोड दिली. आयव्ही लीग आणि तत्सम १२ विद्यापीठांची माहिती त्यांनी तपासली. सॅट-एसीटीचे गुण सारखेच असूनही, सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुलांची या विद्यापीठांत शिकण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आढळली. माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांना मिळणारे प्राधान्य, अभ्यासेतर गुणांकन आणि खेळाडूंची भरती ही त्याची प्रमुख कारणे होती. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात तर खेळ न खेळणाऱ्या मुलांना खेळाडू दाखवून मागच्या दाराने प्रवेश दिल्याचे आणि परीक्षेतही लबाडी केल्याचे निष्पन्न झाले. सल्लागार रिक सिंगर याला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली.

भारतीय वंशाच्या कुटुंबांना, त्यांत अमेरिकेतील मराठी कुटुंबेही आली, सर्वांत जवळचा वाटला तो हार्वर्डविरुद्धचा खटला. २०१४ मध्ये दाखल झालेल्या या खटल्यात हार्वर्डच्या अंतर्गत गुणांकनाची कागदपत्रे समोर आली. अभ्यास आणि उपक्रमांत पुढे असलेल्या आशियाई वंशाच्या अर्जदारांना ‘व्यक्तिगत’ गुणांकनात सरासरीने कमी गुण मिळत असल्याचे त्यांतून दिसले. हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही, असे कनिष्ठ न्यायालयाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरविले. मात्र, आपल्या आयुष्यावर वंशामुळे कोणता परिणाम झाला, हे अर्जदार निबंधात लिहू शकतो, असेही नमूद केले.

२८२ गुणांचा विद्यार्थी

तर मग समग्र मूल्यमापन म्हणजे केवळ पक्षपाताला दिलेले गोंडस नाव आहे काय? तसे म्हणता येणार नाही. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३८ टक्क्यांहूनही कमी. त्या काळी गुण आजच्यासारखे सढळ हाताने दिले जात नसत, हे खरे. तरीही निव्वळ गुणांच्या उतरंडीत हे नाव पुढे आले नसते. त्यांना पाहिले ते कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने. चरित्रकारांनी नोंदविल्याप्रमाणे केळुसकर त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरांनी समाधान झाल्यावर महिना २५ रुपये शिष्यवृत्ती दिली आणि महाविद्यालयीन शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. १९१३ मध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए., पुढे तेथीलच पीएच.डी. आणि १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एस्सी., हा त्यापुढील प्रवास सर्वश्रुत आहे.

शिक्षकाची शिफारस, समोरासमोर मुलाखत आणि परिस्थितीचा विचार, असे समग्र निवडीचे सारे घटक येथे आहेत आणि ती निवड अचूक ठरली. परंतु ती शक्य झाली ती केळुसकरांसारखा शिक्षक आणि सयाजीरावांसारखा संस्थानिक भेटल्यामुळे. ज्यांना असे कोणी भेटले नाही, त्यांची नोंद कोठेही नाही. माणसाची पारख करणारी नजर असणे हे भाग्य झाले. सर्वांना लागू होणारी पद्धत त्यातून आपोआप तयार होत नाही.

भारतातील मधला मार्ग

गेल्या काही वर्षांत भारतातील संस्था या दोन टोकांच्या मध्ये वाट शोधताना दिसतात. आयआयएममध्ये कॅटचे गुण हा पहिला उंबरठा असतो. त्यानंतर दहावी, बारावी व पदवीचे गुण, कामाचा अनुभव, लेखन आणि मुलाखत यांचा एकत्रित विचार होतो. काही आयआयएम वर्गातील मुलींचे प्रमाण वाढावे म्हणून वेगळे गुणही देतात. हे भारांक प्रवेश धोरणात प्रसिद्ध केले जातात, ही त्यातील जमेची बाजू. पवईची ‘निटी’ २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, तेव्हा ही पद्धत मुंबईच्या उपनगरांपर्यंत आली.

आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून कलावंतांसाठी अतिरिक्त जागा सुरू केल्या. जेईई अॅडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव असणे मात्र तेथेही आवश्यक आहे. सोनिपतचे अशोका किंवा पुण्याचे फ्लेम ही खासगी विद्यापीठे परीक्षेबरोबर निबंध आणि मुलाखत यांना महत्त्व देतात. उलट दिशेचे उदाहरण दिल्ली विद्यापीठाचे. २०२१ मध्ये तेथील काही अभ्यासक्रमांची पहिली यादी १०० टक्क्यांवर लागली आणि २०२२ पासून बारावीच्या गुणांऐवजी ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा आली. आयआयटीच्या वाटेवरही असाच प्रयोग होऊन गेला : २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के भार होता, २०१७ पासून तो काढून टाकण्यात आला.

केबिन रोडवरील घरासाठी याचा अर्थ

२०११ च्या जनगणनेनुसार ८ लाख ९ हजार वस्तीच्या मीरा-भाईंदरमध्ये मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा अनेक माध्यमांतील आणि वेगवेगळ्या मंडळांची मुले एकाच इमारतीत राहतात. त्यांपैकी ज्या घरात यापूर्वी कोणी पदवीधर नाही, त्या घराला गुणांची पद्धत एक हमी देते : नियम सर्वांना ठाऊक आहेत आणि ओळखीवाचूनही यादीत नाव लागू शकते. समग्र पद्धत त्याच घराला दुसरे आश्वासन देते : दुकानात वडिलांना हातभार लावणे, धाकट्या भावंडांचा अभ्यास घेणे, रोज लोकलने दोन-तीन तास प्रवास करणे, हेही अर्जात मोजले जाईल. पहिली हमी कोचिंगच्या शुल्कापुढे लंगडी पडते. दुसरे आश्वासन, अर्ज कसा लिहावा हे सांगणारे घरात कोणी नसले, तर कागदावरच राहते.

गुणांच्या जोडीला जे काही मोजायचे ठरेल, त्याचा बाजार उभा राहतो, हाच सर्व देशांचा अनुभव आहे. परीक्षा मोजली तर क्लास निघतात. उपक्रम मोजले तर प्रमाणपत्रे विकणारे निघतात. म्हणूनच समग्र मूल्यमापनाची मागणी करणाऱ्यांनी आणि ते राबविणाऱ्यांनी तीन गोष्टींना बांधील राहिले पाहिजे : कशाला किती भार, हे अर्ज मागविण्यापूर्वी जाहीर करणे; नाकारलेल्याला कारण सांगणे; आणि त्या कारणाची दुसऱ्या कोणाकडून तपासणी करून घेण्याची सोय ठेवणे. अजय हासिया खटल्यात ध्वनिमुद्रणाची सूचना आली, ती याच विचारातून. एवढे असेल तर माणसाची नजर गुणपत्रिकेला पूरक ठरेल. नसेल, तर सामान्य घरातील पालक गुणपत्रिकेलाच घट्ट धरून बसतील आणि त्यांना दोष देता येणार नाही.

अर्ज करण्यापूर्वी

* परीक्षा ऐच्छिक असली, तरी गुण कळवायचे की नाही, हे स्वतःच्या शाळेच्या आणि परिस्थितीच्या मानाने ठरवावे. केवळ विद्यापीठाची सरासरी पाहून गुण दडवू नयेत.

* घरची जबाबदारी, अर्धवेळ काम यांचा उल्लेख अमेरिकी अर्जात करता येतो. त्याला कमीपणा मानू नये.

* आर्थिक मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो का, हे प्रत्येक विद्यापीठाचे धोरण पाहून तपासावे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ अशी मोजकी विद्यापीठेच परदेशी अर्जदारांबाबतही ऐपतीचा विचार न करता निर्णय घेतात.

* भारतातील संस्थांचे भारांक दरवर्षी बदलू शकतात. गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबून न राहता चालू वर्षाची पुस्तिका वाचावी.

* मंडळाच्या निकालाबाबत शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत, गुणपडताळणी व पुनर्मूल्यांकन यांसाठी दिलेल्या मुदतीतच अर्ज करावा.

संज्ञा

टक्केवारी : शंभरापैकी मिळालेले गुण.

पर्सेंटाईल : परीक्षेला बसलेल्यांपैकी शेकडा किती जण आपल्या बरोबरीने किंवा मागे आहेत, ते दाखविणारा आकडा. ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. एमएचटी-सीईटी आणि जेईई मेन अनेक सत्रांत होत असल्याने त्यांचे निकाल या स्वरूपात लागतात.

भारांक : एकूण निवडीत एखाद्या घटकाला दिलेले वजन.

चाचणी ऐच्छिक : सॅट किंवा एसीटीचे गुण कळविण्याची सक्ती नसलेले प्रवेश धोरण.